टुटीफ्रुटीच्या मनुका

भट्टीसमोरच्या लांब बाकावर सत्तावीस डबे होते. अठरा गोल, सात चौकोनी, एक बदामाच्या आकाराचा आणि एक वाघचौरेकाकूंच्या कुकरमधला भाताचा. गोल अठरांपैकी अकरा अगदी एकसारखे होते, कारण तेव्हा आमच्या राहुरीत केकचे डबे एकाच दुकानात मिळायचे. तारीख तेवीस डिसेंबर, वेळ सकाळी साडेनऊ. मी डबे दोनदा मोजले आणि आकडा वहीत लिहिला.

“झाली का मोजदाद?” हमीदचाचा भट्टीच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले. “पावाची खेप निघालीय. केकला भट्टी आत्ता बरोबर आहे. तुझं गणित होईपर्यंत तिचा बर्फ व्हायचा.”

“नंबर टाकते, की लगेच आत घ्या.”

आमच्याकडे तेव्हा घरोघरी ओव्हन नव्हते. नाताळच्या तोंडावर चर्चमधल्या बायका घरी मिश्रण फेटायच्या, डब्यात ओतायच्या आणि डबा पदराखाली झाकून हमीदचाचांच्या बेकरीत आणायच्या. डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची रीत होती. आदल्या वर्षी चिठ्ठ्या जळल्या, दोन घरांच्या केकची अदलाबदल झाली आणि ती दोन घरं ईस्टरपर्यंत एकमेकांशी बोलली नाहीत. म्हणून या वर्षी पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नीनं, हे काम माझ्यावर सोपवलं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. होऊन मला सहा महिने झाले होते आणि नोकरी अजून लागायची होती. मी चिठ्ठ्या बंद करून खडू आणला. शाळेतला खडू म्हणजे जिप्सम. भट्टीत त्यातलं पाणी उडून जातं, पांढरा रंग राहतो. डब्यावर नंबर, वहीत नंबरापुढे नाव. चुकायला जागाच ठेवली नव्हती.

पहिले नऊ नंबर मी सवयीनं इंग्रजीत टाकले. तीन वर्षं प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर दुसरं काही लिहिलंच नव्हतं. वाघचौरेकाकूंनी वाकून पाहिलं.

“मराठीत लिही गं बाई. आम्ही काय तुझ्यासारख्या कॉलेजात गेलोय का?”

मी ओलं फडकं घेतलं आणि पहिल्या डब्यापासून पुसून पुन्हा मराठीत लिहीत निघाले. नवव्या डब्याशी मार्था दुशिंगबाई उभ्या होत्या. डब्यावरचा हात त्यांनी काढला नव्हता.

दुशिंगबाईंनी मिशनच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं. पहिलीत मला अंक त्यांनीच गिरवायला लावले. गणिताची रीत बरोबर असली आणि उत्तर चुकलं, तर बाकीच्या बाई दहापैकी सहासात गुण द्यायच्या. दुशिंगबाई शून्य द्यायच्या. मुलं पाठीमागे त्यांना भोपळेबाई म्हणत आणि ते त्यांना माहीत होतं.

“हा नीट सांभाळ,” बाई म्हणाल्या. “मनुका ऑगस्टपासून द्राक्षाच्या रसात भिजत होत्या. उद्या अनुग्रहा येतेय.”

वाघचौरेकाकू पुढचं काही बोलणार होत्या ते विसरल्या. अनुग्रहा ही बाईंची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी तिनं पुण्यात वैभव मोहिते नावाच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि ते झाल्यावर आईला फोन केला. बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, “उत्तर चुकलं की पायऱ्यांना गुण नाहीत.” आणि फोन ठेवला. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं नव्हतं.

“जावईसुद्धा?” काकूंनी विचारलं.

“दोघं. अकराला येणार आणि एकच्या गाडीनं परत. दोन तास.” बाई जरा थांबल्या. “फोनवर तिनं एकच विचारलं. केक केलास का म्हणून.”

“मग?”

“केलाय म्हटलं. आणखी काय बोलणार?”

त्यांनी डब्यावरचा हात काढला. मी दहाव्या डब्याकडे वळले.

एक वाजता डबे निघाले. केकचा वरचा भाग करपू नये म्हणून चाचा प्रत्येक डब्यावर खाकी कागद बांधायचे आणि डबे तसेच बांधलेले घरी जायचे. मी वही उघडून नंबर वाचायला बसले. पहिला नंबर सुवार्ता पगारेचा होता, कारण ती सकाळी सातलाच येऊन बसली होती. लग्न होऊन ती आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आली त्याला दोन वर्षं झाली होती. तिचा आवाज कसा आहे ते मला सांगता आलं नसतं. तिच्या भाकरीबद्दल मात्र मंडळीत सर्वांना माहिती होती, कारण तिच्या सासूबाईंना ती सांगायला आवडायचं.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “फुगला असेल का हो?”

“घरी जाऊन कागद सोड, म्हणजे कळेल.”

मागं रांग होती. मी एक नंबरचा डबा तिच्या हातात दिला. दुशिंगबाई दोन वाजता आल्या. तोवर बाकावर चार डबे उरले होते. नऊ नंबरचा मी त्यांना दिला.

साडेतीनला त्या परत आल्या. चार वाजता महिलांची प्रार्थनासभा होती आणि मी चर्चच्या हॉलमध्ये सतरंज्या घालत होते. बाईंनी डबा टेबलावर ठेवून कागद काढला. आतला केक पिवळा होता. मध्यभागी विहिरीसारखा खचला होता आणि विहिरीच्या तळाशी लाल-हिरवी टुटीफ्रुटी गोळा झाली होती.

“हा माझा नाही,” बाई म्हणाल्या.

मी वही काढली. “नऊ नंबर, दुशिंग. वहीत आहे.”

“वहीत असेल. डब्यात नाही.”

“मग भट्टीत घोळ झाला. चाचांनी कागद बांधताना केक इकडचे तिकडे केले असणार.”

“केक डब्यातून काढून?”

“काहीतरी केलं असणार. माझ्या पद्धतीत चूक होऊच शकत नाही, बाई.”

बाईंनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वही तपासताना त्या अशाच बघायच्या.

“असं म्हणतेस.”

“दुसरं कारणच नाही.”

“बरं. सभेत सगळ्या येतील. काळा केक कुणाकडे गेलाय ते विचार. आजच्या आज परत मिळायला हवा, शोशन्ना. तिला मी केलाय म्हणून सांगितलंय.”

मी कागदावर सूचना लिहिली. ‘मनुका घातलेला काळा केक चुकून ज्यांच्याकडे गेला असेल त्यांनी तो श्रीमती दुशिंग यांच्याकडे पोचवावा. चूक बेकरीची आहे.’ शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली.

सभेला एकतीस जणी होत्या. दोन गाणी झाली, प्रार्थना झाली. मग पाळकीणबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, “कुणाला साक्ष द्यायची आहे?” म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायचं. आमच्याकडे नेहमी त्याच तिघी उठतात आणि साधारण तेच सांगतात. मी कागद हातात धरून माझी पाळी येण्याची वाट बघत होते. दुशिंगबाई माझ्या पाठीमागे बसल्या होत्या.

सुवार्ता उभी राहिली.

“मला बोलता येत नाही,” ती म्हणाली. “पण सांगितलं नाही तर बरं नाही.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मी कधी केक केला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, तुझी भाकरी विळ्यानं कापावी लागते, तू केक कशाला करतेस.”

दोनतीन बायका हसल्या. सासूबाईही हसल्या.

“मी डबा घेऊन बेकरीत जाताना वाटेत तीनदा प्रार्थना केली. प्रभू, नुसता बसू देऊ नको. दुसरं काही मागितलं नाही. दुपारी घरी आणून कागद सोडला, तर…” तिनं हातांनी केकची उंची दाखवली. “काळाभोर केक. मऊ. आणि जिथं कापावं तिथं मनुका.”

माझ्या पाठीमागे कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज आला.

“मी मनुका घातल्याच नव्हत्या,” सुवार्ता म्हणाली. “मी टुटीफ्रुटीची पुडी घातली होती. काना गावच्या लग्नात प्रभू येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला, तशा माझ्या टुटीफ्रुटीच्या मनुका झाल्या.”

पाळकीणबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. वाघचौरेकाकूंनी सकाळी मनुकांची सगळी हकिगत ऐकली होती. त्यांनी मान वळवून दुशिंगबाईंकडे पाहिलं.

मग सुवार्ताच्या सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “खरंय. मी दोन तुकडे खाल्ले. चांगला झालाय.”

सुवार्तानं त्यांच्याकडे असं पाहिलं की टुटीफ्रुटीचं काय झालं ते ती विसरूनच गेली.

“शोशन्ना,” पाळकीणबाई चष्मा चढवत म्हणाल्या, “तुझी काही सूचना होती ना?”

मी उभी राहिले. कागद उघडला. तेवढ्यात मागून माझी ओढणी इतक्या जोरात ओढली गेली की मी धपकन खाली बसले.

“तिची सूचना रद्द झाली,” दुशिंगबाई म्हणाल्या. आणि वर्गात हजेरी घेत त्या आवाजात म्हणाल्या, “आमेन.”

वाघचौरेकाकूंनी एक क्षण विचार केला. “आमेन,” त्याही म्हणाल्या. मग सगळ्याच म्हणाल्या.

सभा सुटल्यावर मी बाईंच्या मागोमाग फाटकाबाहेर गेले.

“बाई, तिच्या घरी अजून अर्धा तरी केक असेल. मी आत्ता घेऊन येते.”

“काय सांगून आणशील?”

“खरं ते. मनुका आपोआप होत नाहीत.”

“मी पस्तीस वर्षं गणित शिकवलंय. आपोआप काय होतं आणि काय होत नाही ते मला माहीत आहे.”

“मग हे असंच चालू द्यायचं? ती पुढच्या वर्षी पुन्हा टुटीफ्रुटी घालेल.”

“घालू दे.” बाई भराभर चालत होत्या. “काना गावात रांजण पाण्यानं कुणी भरले होते?”

“चाकरांनी.”

“द्राक्षारस कुठून आला ते त्यांना ठाऊक होतं. ते मांडवात जाऊन बोलले का?”

“तिथे खरोखर चमत्कार झाला होता, बाई. इथे डबे बदललेत.”

“म्हणून तर इथे गप्प बसणं जास्त सोपं आहे.” त्या थांबल्या. “दोन वर्षांत ती पोर आज पहिल्यांदा उभी राहिली. मनुका मी परत भिजवीन. ती परत उभी राहील का?”

“आणि अनुग्रहाताई?”

बाईंनी डब्यावरचा कागद सारखा केला आणि घराकडे वळल्या.

मी तशीच बेकरीत गेले. निदान चाचांना त्यांची चूक दाखवावी, असा माझा विचार होता. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मधे दोनदा पावाच्या खेपेकडे लक्ष देऊन आले.

“असेल बेटा,” ते म्हणाले. “माझीच चूक असेल. बाईंना सांग, चाचांनी माफी मागितलीय. भट्टी मोकळी असती तर दुसरा भाजून दिला असता, पण उद्या सकाळी पावाच्या ऑर्डरी आहेत.”

एवढ्या लवकर ते कबूल होतील असं मला वाटलं नव्हतं. उगाचच अस्वस्थ वाटायला लागलं. घरी येऊन मी संभाव्य कारणांची यादी करायला घेतली. पहिलं कारण, भट्टीत अदलाबदल. ते नीट मांडता येईना, कारण पूर्ण भाजलेला केक डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात घालायला कुणालाच काही कारण नव्हतं. दुसरं कारण, डबा देताना चूक. त्यासाठी दोन डब्यांवर सारखाच नंबर हवा. मी सकाळचा क्रम आठवून लिहिला. एक ते नऊ इंग्रजीत टाकले. मग पुसून मराठीत. पहिला पुसला, दुसरा पुसला, तिसरा पुसला. आठवा पुसला. नवव्यावर बाईंचा हात होता. आम्ही अनुग्रहाबद्दल बोललो. मी दहाव्याकडे वळले.

मी पाटी घेतली. पाच इंग्रजी नऊ काढले, पाच मराठी एक काढले, मागंपुढं मिसळून. आई करंज्यांचं सारण ढवळत होती.

“आई, हा अंक कोणता?”

“एक.”

“आणि हा?”

“एक.”

“हा?”

“एकच.” दहाव्याला तिनं उलथनं खाली ठेवलं. “तुला बरं वाटतंय ना? सगळी पाटी भरून एकच लिहिलायस.”

दहापैकी दहा. मी वहीत लिहिलं. बाईंचा न पुसलेला इंग्रजी नऊ मराठी एक समजून मी सुवार्ताला दिला होता. आणि दोन वाजता बाकावर उरलेल्या सुवार्ताच्या मराठी एकाकडे बघून, हा आपला पुसायचा राहिलेला इंग्रजी नऊ, असं म्हणून बाईंना दिला होता. तेव्हा ते आपण ओळखलं म्हणून मनात शाबासकीही घेतली होती.

मी आईला सगळं सांगितलं. आई इतकी हसली की सारण खाली लागलं.

साडेसहाला मी बाईंच्या दारात उभी होते. त्या ताटात मनुका घेऊन देठ खुडत होत्या.

“शिरा करते उद्या,” त्या म्हणाल्या. “केक नाही तर शिरा. बस.”

“बाई, भट्टीत काही झालं नाही. नववा डबा मी पुसलाच नव्हता. इंग्रजी नऊ आणि मराठी एक…”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“कागद सोडायच्या आधीपासून. डब्यावर एक लिहिलाय. तुझा एक मी पहिलीपासून ओळखते, पाय पसरून बसतो.”

“मग मी चाचांवर ढकलत होते तेव्हा बोलला का नाहीत?”

“तू विचारत नव्हतीस. सांगत होतीस.” त्यांनी एक देठ खुडून बाजूला ठेवला. “आणि तुला चूक सापडते, हे मला ठाऊक आहे. वेळ लागतो, एवढंच. पूर्वी मी तो देत नसे.”

मी पण मनुका निवडायला घेतल्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “चाचांना सांगितलंस?”

“येता येता सांगून आले.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, बेटा, भाजलेला केक कोण डब्यातून काढेल? पण तू एवढी शिकलेली, म्हटलं असेल काहीतरी.”

बाई हसल्या. मी त्यांना हसताना आधी पाहिलं होतं की नाही, आठवत नाही.

“सुवार्ताला सांगायला हवं ना?” मी विचारलं.

“खोटं बोलायचं नाही. तिनं विचारलं तर खरं सांगायचं. विचारलं नाही तर मनुका निवडायच्या. तिला आधी एक केक नीट येऊ दे, मग सांगायला वर्ष पडलंय.”

पुढच्या ऑक्टोबरात सुवार्तानं खरोखरच विचारलं आणि बाईंनी सगळं सांगितलं. ती हसून हसून अशी ठसकली की तिला पाणी द्यावं लागलं. पण ते नंतरचं.

चोवीस तारखेला सकाळी मी बाईंकडे खुर्च्या द्यायला गेले होते. शिरा झाला होता. पिवळा केक टेबलावर होता. बाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. पावणेअकराला दारात सुवार्ता आली. एका खांद्याला पिशवी, हातात स्टीलचा डबा.

“सलाम, बाई. सलाम, ताई. मी माहेरी निघालेय, बाराची गाडी आहे.” कालच्या सभेनंतर तिचा आवाज सुटला होता. “शोशन्नाताईंच्या आई नळावर म्हणाल्या, दुशिंगबाईंचा केक बसला आणि आज तर त्यांची लेक यायचीय. मला वाईट वाटलं.”

आईला सगळं सांगताना हे कुणाला सांगू नको असं बजावायचं मी विसरले होते. तिनं त्यातला निदान अर्धाच भाग सांगितला होता.

“हा बघ,” बाईंनी पिवळ्या केककडे बोट दाखवलं. “असा बसलाय.”

सुवार्तानं वाकून नीट पाहिलं. आपला केक तिनं कधी पाहिलाच नव्हता, कच्चं मिश्रण तेवढं पाहिलं होतं.

“सोडा जास्त झालाय, बाई,” ती म्हणाली.

“तसंच दिसतंय.”

“माझी चुलतबहीण सांगते, अर्धाच चमचा घालायचा. जास्त झाला की फुगून खाली बसतो.”

“अर्धा चमचा,” बाई म्हणाल्या. “थांब, लिहून घेते.” आणि पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या, चाळीस नाताळ केक केलेल्या बाईंनी कॅलेंडरच्या मागं लिहिलं, अर्धा चमचा.

“मी पण काल दोन घातले होते,” सुवार्ता म्हणाली. “प्रभूनं सांभाळलं. पण दर वेळी सांभाळेलच असं नाही ना.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “दर वेळी नाही.”

मला स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यावं लागलं. परत आले तेव्हा सुवार्तानं स्टीलचा डबा उघडला होता. आत अर्धा केक होता. काळाभोर, मनुकांनी भरलेला.

“माहेरी न्यायला ठेवला होता,” ती म्हणाली. “पण तिथे काय, आई माझी भाकरीपण चांगली म्हणते. तुमच्या लेकीला द्या.”

बाई त्या केककडे बघत राहिल्या. “सगळा?”

“सगळा.”

“बस,” बाई म्हणाल्या. “चहा घेऊन जा. तिला तूच दे.”

अकरा वाजून दहा मिनिटांनी रिक्षा थांबली. अनुग्रहा आणि वैभव दारात उभे राहिले. तिनं चपला काढल्या, बॅग मात्र खांद्यावरच ठेवली.

“सलाम, आई.”

“सलाम. या.”

वैभव पाया पडायला वाकला. बाई गडबडून एक पाऊल मागं सरल्या, मग पुढं आल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा तो चुकून खांद्यावर ठेवला. सगळे बसले. अनुग्रहा खुर्चीच्या कडेवर बसली. प्रवास कसा झाला, बरा झाला. गर्दी होती का, होती. त्यापुढं कुणालाच काही सुचेना. मी घड्याळाकडे पाहिलं, तर दोनच मिनिटं झाली होती.

“केक खा ना,” सुवार्ता म्हणाली आणि तिनं स्वतःच दोन ताटल्यांत तुकडे वाढले.

अनुग्रहानं एक घास घेतला. चावता चावता थांबली.

“आई, हा तर…”

“सुवार्तानं आणलाय,” बाई म्हणाल्या.

“बाईंचा बसला,” सुवार्तानं पिवळ्या केककडे हात केला, “म्हणून मी माझा घेऊन आले.”

अनुग्रहानं पिवळ्या केकच्या विहिरीत पाहिलं, तळाच्या टुटीफ्रुटीकडे पाहिलं, ताटलीतल्या मनुकांकडे पाहिलं. ती दुशिंगबाईंची मुलगी होती, तिला वेळ लागला नाही.

“कसा केलात हो तुम्ही?” तिनं सुवार्ताला विचारलं.

सुवार्तानं सांगितलं. भाकरी आणि विळा सांगितला, वाटेतल्या तीन प्रार्थना सांगितल्या, टुटीफ्रुटीची पुडी सांगितली आणि काना गावचं लग्न तर कालच्यापेक्षा लांबवून सांगितलं. वैभव तोंड उघडं ठेवून ऐकत होता. अनुग्रहा ऐकताना सगळा वेळ आईकडे बघत होती. बाई शिऱ्यावरच्या मनुका एका ओळीत लावत होत्या.

“हे सभेत सगळ्यांसमोर सांगितलंत?” अनुग्रहानं विचारलं.

“हो ना. सगळ्या होत्या. बाईपण होत्या.”

“आई, तू होतीस?”

“होते.”

“मग तू काय म्हणालीस?”

बाईंनी मान वर केली नाही. “आमेन म्हणाले,” त्या म्हणाल्या.

अनुग्रहानं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, घास अडकला. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती हसतेय हे कळलं. वैभवला काय झालं ते कळेना, पण तोही हसला. सुवार्ताला वाटलं, काना गावच्या लग्नाची गोष्ट आपण रंगवून सांगितली म्हणून हसतायत. तीही हसली.

“तुम्हाला तो पिवळा नको असेल तर मी घेऊ का?” वैभव म्हणाला. “मला टुटीफ्रुटी आवडते.”

“घ्या की,” बाई म्हणाल्या. “मधला भाग घ्या, तिथं जास्त आहे.”

सुवार्ता गाडीची वेळ झाली म्हणून उठली. अनुग्रहा तिला फाटकापर्यंत सोडून आली. परत येताना तिनं खांद्यावरची बॅग काढली आणि वैभवकडे दिली.

“ही आतल्या खोलीत ठेव,” ती म्हणाली.

वही माझ्यापाशी होती, म्हणून वेळा लिहिलेल्या आहेत. दोघं बाईंच्या घरी आले चोवीस डिसेंबरला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. निघाले सत्तावीस डिसेंबरला दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी. एकूण तीन दिवस, पाच तास, दहा मिनिटं.